शून्य प्रहर आणि नियम ३७७

मतदारसंघातले गाऱ्हाणे किंवा देशापुढचा तातडीचा प्रश्न संसदेच्या कानावर घालण्यासाठी खासदारांच्या हाती असलेले दोन मार्ग. पहिला प्रथेतून आला, दुसरा नियमात लिहिलेला आहे. विधेयकावरची चर्चा पक्षाच्या धोरणाला बांधलेली असते आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर मतदानही पक्षादेशाने होते. त्यामुळे मागच्या बाकांवरच्या खासदाराला आपल्या भागाचे म्हणून काही बोलायचे, तर बहुधा याच दोन वाटा उरतात.

शून्य प्रहर ही भारतीय संसदेची स्वतःची उपज. १९६० च्या दशकात ती रुजली, पण लोकसभेच्या कार्यपद्धतीच्या नियमांत हा शब्द सापडत नाही. प्रश्नोत्तराचा तास दुपारी १२ ला संपे आणि सदस्य पूर्वसूचना न देता उभे राहून बोलू लागत, त्यावरून हे नाव पडले. ‘प्रहर’ म्हटले तरी तो तीन तासांचा नसतो, तासाभराचाही असेलच असे नाही. पुढे गोंधळ आवरण्यासाठी नोटीस देण्याची आणि सोडतीने क्रम लावण्याची पद्धत आली. लोकसभेत सोडतीतून साधारण २० विषय घेतले जातात. अध्यक्षांनी मनावर घेतले तर मर्यादा सैलही होते. १८ जुलै २०१९ रोजी ओम बिर्ला यांनी रात्रीपर्यंत कामकाज चालवून दीडशेहून अधिक सदस्यांना बोलू दिले. राज्यसभेत २०१४ पासून प्रश्नोत्तरेच १२ वाजता सरकली आणि शून्य प्रहर सकाळी आला. नावाचा घड्याळाशी असलेला संबंध तिथे तुटला, नाव मात्र टिकले.

नियम ३७७ चे काम अधिक शिस्तीचे. मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो, तो २५० शब्दांच्या आत बसवायचा आणि तेवढाच वाचायचा. कामकाज तुंबले की तोही न वाचता पटलावर ठेवला जातो. राज्यसभेत याच जातीची सोय ‘विशेष उल्लेख’ या नावाने आहे. मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर देण्याचे बंधन कुठेच नाही. संबंधित मंत्रालय नंतर सदस्याला लेखी कळवते. उत्तर तत्काळ हवे असेल, तर लक्षवेधी सूचनेकडे वळावे लागते.

विषय प्रामुख्याने केंद्राच्या अखत्यारीतला हवा, ही अट वरवर किरकोळ वाटते, पण खासदार काय मागतात हे तीच ठरवते. गावातली गटारे, तालुक्याचे रुग्णालय, पोलीस ठाणे हे राज्याचे विषय. म्हणून दिल्लीत ऐकू येतात ते रेल्वेचा थांबा, राष्ट्रीय महामार्गाचे रखडलेले काम, केंद्रीय विद्यालय, कांद्याची निर्यातबंदी, पीक विम्याची थकलेली रक्कम. यातला कांदा स्थानिक म्हणावा की राष्ट्रीय? लासलगावचा भाव पडला की तो नाशिकचा प्रश्न आणि दिल्लीत भाव चढला की देशाचा, असा आजवरचा रिवाज दिसतो.

ही सीमारेषा किती पुसट असते हे कोकणच्या राजापूर मतदारसंघाने चांगले दाखवले. बॅ. नाथ पै १९५७ पासून तिथून निवडून येत. कोकण रेल्वेची मागणी संसदेत लावून धरणारे तेच, आणि मूलभूत हक्कांवर गदा आणणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असे सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६७ च्या गोलकनाथ निकालानंतर मूलभूत हक्कांसह घटनेत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार स्पष्ट करणारे खाजगी विधेयक आणणारेही तेच. विधेयक मंजूर झाले नाही, पण १९७१ च्या २४ व्या घटनादुरुस्तीने तोच मुद्दा स्वीकारला. रेल्वेची मागणी त्यांच्यानंतर मधु दंडवते यांनी चालवली. १९७७ मध्ये ते स्वतः रेल्वेमंत्री झाले, तरीही संपूर्ण मार्ग सुरू व्हायला जानेवारी १९९८ उजाडला.

बीडकरांना हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको. अहमदनगर–बीड–परळी हा सुमारे २६१ किलोमीटरचा मार्ग १९९० च्या दशकात मंजूर झाला, निम्मा खर्च राज्याने उचलायचा ठरला, आणि बीड शहरात प्रवासी गाडी पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. मधल्या काळात मागणी करणारे खासदार बदलले, पक्ष बदलले, अहमदनगर जिल्ह्याचे नावही अहिल्यानगर झाले. अशा दोन-तीन मिनिटांच्या भाषणांनी रूळ पडतात असा दावा कोणी करणार नाही. निधी अर्थसंकल्पातून येतो आणि जमीन जिल्हाधिकारी कार्यालयातून. फाईल बंद होऊ न देण्याइतपत मात्र त्यांचा उपयोग होतो.

भाषेचा अडसर अलीकडे कमी झाला आहे. हिंदी किंवा इंग्रजीत नीट मांडता येत नसेल, तर घटनेच्या १२० व्या अनुच्छेदानुसार पीठासीन अधिकाऱ्याच्या परवानगीने मातृभाषेत बोलता येते. मराठीतल्या भाषणाचे तत्काळ भाषांतर कानाला लावण्याची सोयही आता सभागृहात आहे. तरी बरेच मराठी खासदार हिंदीच निवडतात, कारण ऐकवायचे असते ते समोरच्या मंत्र्याला. चित्रफीत मतदारसंघात फिरते तेव्हा वर मथळा मराठीत असतो.