क्षमा (साधनामार्ग)

क्षमा : आपला अपराध करणाऱ्याविषयी मनात साचलेला राग, सूडाची ओढ आणि अढी जाणीवपूर्वक सोडून देण्याची साधना. संस्कृतातील ‘क्षम्’ या धातूचा अर्थ सहन करणे, तसाच समर्थ असणे. ‘क्षमता’ आणि ‘सक्षम’ हे शब्द त्याच धातूपासून आले आहेत. पृथ्वीचेही एक नाव क्षमा आहे. सहनशक्ती आणि ताकद या दोन गोष्टी भाषेनेच एका शब्दात बांधल्या आहेत, म्हणून क्षमेला दुबळेपणा समजणे शब्दाच्या मुळाशीच जुळत नाही.

रोजच्या बोलण्यात क्षमेऐवजी ‘माफी’ हा अरबी-फारसीतून आलेला शब्द जास्त चालतो. दोहोंत फरक करावा लागतो. माफी मागितली जाते आणि दिली जाते, शिक्षा माफ होते, कर्ज माफ होते; तिला दोन बाजू लागतात. क्षमा मात्र समोरचा माणूस न आला, त्याने चूक कबूल केली नाही, तो हयात नसला, तरीही करता येते. बोलीभाषेने ही आतली क्रिया नेमकी पकडली आहे: अपराध पोटात घालणे, मनातून काढून टाकणे, झालं गेलं गंगेला मिळालं म्हणणे. उलट बाजूचे शब्दही तितकेच नेमके आहेत: डूख धरणे, दात ठेवणे, सल. ही सगळी धरून ठेवण्याची वा रुतून बसण्याची रूपे आहेत, आणि झीज होते ती ज्याच्यात ती असतात त्याची.

पुणे परिसरात या विचाराला फार जुनी आणि सलग परंपरा आहे. इंद्रायणीच्या काठची आळंदी आणि देहू ही दोन्ही गावे शहरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहेत, आणि मराठीतील क्षमाविचाराची सर्वांत जिवंत शब्दकळा तिथेच घडली.

ताटीचे अभंग

ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत संन्यास सोडून संसारात परतले म्हणून त्यांच्या कुटुंबाला वाळीत टाकण्यात आले. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावरही निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई या चार भावंडांची अवहेलना थांबली नाही. परंपरा सांगते, की एकदा भिक्षेला गेलेले ज्ञानदेव अपमानाने इतके दुखावले की परत येऊन त्यांनी झोपडीची ताटी, म्हणजे झावळ्या-कामट्यांचे दार, आतून लावून घेतले. धाकटी मुक्ताई बाहेर उभी राहिली आणि तिने दादाची समजूत घातली. तेच ताटीचे अभंग:

योगी पावन मनाचा । साही अपराध जनाचा ॥
विश्व रागें झालें वन्ही । संतें सुखें व्हावें पाणी ॥

प्रत्येक अभंगाच्या शेवटी ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा’ ही विनवणी येते. मुक्ताई कुठेही म्हणत नाही, की लोकांचे बरोबर होते. अपराधाला ती अपराधच म्हणते, शब्दांना शस्त्रे म्हणते. पण दातांखाली जीभ आली म्हणून कोणी बत्तिशी पाडून घेतो का, असेही विचारते. दुखावणारा आणि दुखावलेला एकाच शरीराचे अवयव असतील, तर सूड घ्यायचा कोणावर? अद्वैताचे अवघड तत्त्वज्ञान त्या मुलीने जीभ आणि दातांवर आणून ठेवले.

या प्रसंगातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. ताटीची कडी आतून होती. अपमान बाहेर झाला, करणारे आपापल्या घरी गेले, आणि कोंडला गेला तो दुखावलेला माणूस. क्षमेने सुटका आधी क्षमा करणाऱ्याची होते, हे सांगणारे याहून थेट चित्र मराठीत नाही, असे या लेखकाला मनापासून वाटते. ‘तुम्ही तरूनी विश्व तारा’ असेही मुक्ताई म्हणते. आधी स्वतः तरणे आणि मग इतरांना तारणे, हा तिने सांगितलेला क्रम आहे.

ताटी उघडली. पुढे शके १२१२ मध्ये (इ.स. १२९०) ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या शेवटच्या पसायदानात ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ हे मागणे आहे. खळ नष्ट होवोत असे ते नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावो आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागो, असे आहे. ज्यांना गावाने वाळीत टाकले त्यांच्यापैकी एकाने हे मागितले, ही गोष्ट पसायदान म्हणताना आपण पुष्कळदा विसरतो. सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीतील क्षमा समजावताना ज्ञानदेवांनी आणखी बारीक खूण सांगितली आहे. सगळे सोसूनही सोसल्याचा गर्व न येणे ही क्षमा. देह अंगावरचे रोम वाहतो, पण वाहतो आहे हे त्याला ठाऊकही नसते, तशी. ‘मी त्याला क्षमा केली’ असे चारचौघांत सांगत फिरणारी क्षमा या कसोटीला उतरत नाही.

तुकोबांची क्षमा

क्षमाशस्त्र जया नराचिया हातीं । दुष्ट तयाप्रति काय करी ॥
तृण नाहीं तेथें पडिला दावाग्नि । जाय तो विझोनि आपसया ॥

गवतच नसेल तिथे वणवा पडला तरी आपोआप विझतो. सह्याद्रीच्या उतारावर उन्हाळ्यात वणवे पाहणाऱ्या माणसाची ही उपमा आहे. अभंगाच्या शेवटी तुकोबा क्षमेला ‘सर्वांचें स्वहित’ म्हणतात. परोपकार हा शब्द ते वापरत नाहीत.

हे त्यांनी जगून दाखवले ते वाघोलीच्या रामेश्वर भटांच्या बाबतीत. रामेश्वर भटांनी तुकोबांच्या अभंगरचनेला विरोध केला आणि त्यातून वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तेरा दिवसांच्या धरण्यानंतर वह्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. पुढे एका फकिराच्या शापाने रामेश्वर भटांच्या अंगाचा दाह होऊ लागला आणि ते आळंदीला येऊन पडले. त्यांना तुकोबांनी जो अभंग पाठवला त्याची सुरुवात ‘चित्त शुद्ध तरी शत्रु मित्र होती’ अशी आहे. त्यात ठपका नाही, जुन्या गोष्टीचा उल्लेखही नाही.

शहरातले प्रसंग

संतचरित्राबाहेरही पुण्याला या विषयाचा अनुभव आहे. १८५६ मध्ये जोतीराव फुले यांच्यावर मारेकरी घातले गेले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. रोडे आणि धोंडीराम नामदेव कुंभार ही त्या दोघांची नावे. जोतीराव त्यांच्याशी बोलले, आणि हत्यार घेऊन आलेले दोघे त्यांच्या पायाशी बसले. २५ जून १९३४ रोजी महात्मा गांधी नगरपालिकेच्या मानपत्र समारंभाला येत असताना त्यांची समजून एका मोटारीवर बाँब टाकण्यात आला. टाकणाऱ्याविषयी आपल्याला कीवच वाटते, अशी गांधीजींची प्रतिक्रिया होती.

रूढ आचार

पर्युषणाच्या शेवटी संवत्सरीला श्वेतांबर जैन ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात: माझे दुष्कृत मिथ्या होवो. दिगंबरांचे दशलक्षण पर्व उत्तम क्षमेने सुरू होते आणि क्षमावाणीने संपते. पुण्याच्या बाजारपेठेत जैन समाज मोठा असल्याने या दिवसांत जैनेतरांच्या मोबाइलवरही हे निरोप येतात. हजारांना एकदम पाठवलेला निरोप आणि ज्याच्याशी खरोखर बिनसले आहे त्याच्या दारात जाऊन जोडलेले हात यांत अंतर आहे, हे जैन आचार्यही बजावतात. बौद्ध परंपरेत वैराने वैर शमत नाही, अवैरानेच शमते, हे धम्मपदातले वचन पायाभूत आहे. स्वारगेटजवळच्या आणि मरकळच्या विपश्यना केंद्रांत दहा दिवसांच्या शिबिराच्या अखेरीस शिकवल्या जाणाऱ्या मंगल मैत्रीत, म्हणजे सर्वांचे भले चिंतण्याच्या साधनेत, क्षमा करणे आणि मागणे दोन्ही येते. शब-ए-बरातच्या रात्री मनात वैर ठेवणाऱ्याला क्षमा मिळत नाही, अशी मुस्लिमांत श्रद्धा आहे. मराठी बायबलमधील प्रभूच्या प्रार्थनेत ‘ऋण सोडणे’ असा शब्दप्रयोग आहे.

घरोघरच्या गणपतीपुढे ‘अपराध माझे कोट्यानुकोटी, मोरेश्वरा बा तू घाल पोटी’ म्हटले जाते. त्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या दोन भावांत वाड्याच्या वाटणीवरून वर्षानुवर्षे अबोला असतो, हे पेठांतल्या पुष्कळ घरांनी पाहिले आहे. देवाकडे मागितलेले शेजारच्याला देता न येणे, ही या साधनेतली सर्वांत अवघड जागा आहे.

मर्यादा आणि विश्वास

क्षमा नेहमीच योग्य असते का, हा प्रश्न महाभारताच्या वनपर्वात द्रौपदीने युधिष्ठिराला विचारला आहे. प्रल्हादाचा दाखला देऊन ती सांगते, की सततचा ताठरपणाही श्रेयस्कर नाही आणि नित्य क्षमाही नाही. भर सभेत जिचा अपमान झाला तिचे हे बोलणे आहे, म्हणून त्याचे वजन मोठे. अन्याय चालू असताना त्याखाली दबलेल्याला क्षमेचा उपदेश करणे म्हणजे अन्याय करणाऱ्याची सोय पाहणे. मारहाण सोसणाऱ्या बाईने आधी सुरक्षित जागी जावे, तक्रार करावी. मनातल्या गाठीचा विचार त्यानंतर. जोतीरावांनी मारेकऱ्यांना जवळ केले, पण आपल्या ज्या कामामुळे हा हल्ला झाला ते काम थांबवले नाही.

आधुनिक मानसशास्त्रात रॉबर्ट एनराइट आणि एव्हरेट वर्दिंग्टन या अमेरिकी संशोधकांनी क्षमेचा पद्धतशीर अभ्यास केला. वर्दिंग्टन यांनी क्षमेचा निर्णय आणि भावनेच्या पातळीवरची क्षमा यांत भेद केला आहे. निर्णय एका दिवसात होऊ शकतो. मन मागून, कधी फार उशिरा येते. म्हणून क्षमा केल्यावरही राग उसळला, तर साधना फसली असे समजण्याचे कारण नाही. क्षमा आणि समेट एक नव्हेत, हेही दोघांनी स्पष्ट केले आहे.

विश्वासाचा प्रश्न इथे येतो. क्षमा एकतर्फी देता येते. दुसऱ्यावरचा विश्वास तसा देता येत नाही, तो त्याच्या वागण्यातून हळूहळू परत येतो. क्षमेने आधी परत येतो तो वेगळा विश्वास: आपण पुन्हा दुखावलो तरी मोडणार नाही, हा स्वतःवरचा, आणि जग केवळ वैऱ्यांनी भरलेले नाही, हा जगावरचा. भक्तिमार्गात यालाच देवावर भार टाकणे म्हणतात. एवढा विश्वास आला, की ताटी उघडी ठेवायला भीती वाटत नाही, आणि समोरच्यालाही आत येण्यापुरती वाट मिळते. रोडे आणि धोंडीराम जोतीरावांच्या रात्रशाळेत शिकले. रोडे जोतीरावांचे अंगरक्षक झाले, तर धोंडीराम सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व लेखक. रामेश्वर भट तुकोबांचे शिष्य झाले. देहूत, आळंदीत, वारीच्या वाटेवर आजही म्हटली जाणारी ‘आरती तुकारामा’ ही आरती त्यांचीच, आणि तिच्या शेवटच्या चरणात त्यांनी आपले नाव घालून लिहिले आहे: ‘म्हणोनि रामेश्वरें चरणीं मस्तक ठेविलें’.