कासव ६० अंशांत वळते तेव्हा

प्राथमिक शाळेतले मूल संगणकाला समभुज त्रिकोण काढायला सांगते, तेव्हा पहिली चूक बहुधा ठरलेल्या जागीच होते. पडद्यावर एक छोटे कासव असते. सांगू तितके ते पुढे सरकते, सांगू तितके वळते आणि मागे रेघ सोडत जाते. त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो हे पाठ असल्यामुळे मूल ‘१०० पावले पुढे जा, ६० अंश उजवीकडे वळ’ अशी आज्ञा तीनदा देते. त्रिकोण मात्र होत नाही. षटकोनाच्या तीन बाजू उमटतात आणि आकृती उघडीच राहते.

संगणकशास्त्राचा खरा धडा इथे सुरू होतो, असे मला ठामपणे वाटते. शिक्षकाने उत्तर सांगून टाकू नये. मुलालाच कासव होऊन जमिनीवर चालू द्यावे. चालता चालता त्याच्या ध्यानात येते, की ६० अंश हा आकृतीच्या आतला कोन आहे, आपल्याला वळायचे असते ते मात्र सरळ जाण्याच्या दिशेपासून, म्हणजे १८० वजा ६०, एकूण १२० अंश. तीन वळणे घेतल्यावर तोंड पुन्हा पहिल्या दिशेला येते, म्हणजेच ३६० अंशांची एक फेरी पूर्ण होते. एवढे उमगले, की चौरसासाठी ९० आणि सम पंचकोनासाठी ७२ हे आकडे ते स्वतःच शोधून काढते. वहीतल्या चुकीवर लाल फुली पडते आणि विषय संपतो. इथली चूक मात्र शोधता येते, सुधारता येते आणि लगेच पुन्हा चालवून पाहता येते.

कासवाची ही भाषा म्हणजे लोगो. सीमोर पेपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी ती १९६७ साली अमेरिकेत घडवली. कासव तिच्यात थोडे नंतर आले. पेपर्ट यांनी त्याआधी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्यासोबत काम केले होते, आणि मूल स्वतः करून पाहत ज्ञान घडवते हा विचार लोगोच्या मुळाशी आहे. २००७ मध्ये एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रज्ञान संस्थेतून स्क्रॅच ही भाषा आली. तिच्यात आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. त्यामुळे स्पेलिंगच्या चुकांत न अडकता मुलाचे सारे लक्ष आज्ञांच्या क्रमावर राहते.

यासाठी संगणक हवाच असेही नाही. न्यूझीलंडमध्ये टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद-पेन्सिलीवर भागणारे अनेक खेळ रचले. त्यांतल्या एकात पाच मुले रांगेत उभी राहतात आणि त्यांच्या हातांतल्या कार्डांवर अनुक्रमे १६, ८, ४, २ आणि १ ठिपके असतात. १९ ही संख्या दाखवायची असेल, तर १६, २ आणि १ ही कार्डे समोर धरायची, बाकीची उलटी. समोरच्या कार्डाला १ आणि उलट्याला ० म्हटले, की १००११ ही द्विमान (बायनरी), म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलेली संख्या वाचता येते. ३१ ला पाचही कार्डे समोर येतात. पुढच्या संख्येसाठी सहावे कार्ड लागते, आणि त्यावर किती ठिपके हवेत ते मुलांनाच ठरवू द्यावे, मग त्यात अख्खा तास गेला तरी चालेल.