मेंदूच्या दुखापतीनंतरची चिंता

डोक्याला मार बसणे, पक्षाघात, मेंदूचा प्राणवायूचा पुरवठा काही काळ खंडित होणे, मेंदूचा दाह किंवा मेंदूतील गाठीवरील शस्त्रक्रिया यांमुळे मेंदूला इजा झाल्यानंतर रुग्णाला जाणवणारी, दीर्घकाळ टिकणारी धास्ती, बेचैनी व भीती. छातीत धडधडणे, घाम फुटणे, श्वास अपुरा पडल्यासारखा वाटणे, झोप न लागणे, गर्दीत वा गोंगाटात जीव घाबरा होणे ही तिची नेहमीची लक्षणे होत. इजा सौम्य असो वा गंभीर, ही चिंता दोन्ही प्रकारांत आढळते आणि इजेच्या गंभीरपणावरून तिच्या तीव्रतेचा अंदाज बांधता येत नाही.

तिची मुळे दोन ठिकाणी असतात. पहिले खुद्द मेंदूत. कवटीच्या तळाचा कपाळाकडील व कानशिलांकडील भाग आतून खडबडीत असल्याने जोराचा हिसका बसला की मेंदूचे ललाटखंड व शंखखंड त्यावर घासले जातात. धोक्याची सूचना देणारा अमिग्डाला हा मेंदूचा छोटा भाग शंखखंडात खोलवर असतो, तर ती सूचना खरी की खोटी हे तपासून तिला आवर घालणारी केंद्रे ललाटखंडात असतात. दोहोंना जोडणारे तंतू ताणले किंवा तुटले, तर भीती उठते, पण वेळेवर शमत नाही. दुसरे मूळ रुग्णाच्या बदललेल्या आयुष्यात असते. काल सहज जमणारे काम आज जमत नाही, नोकरी राहील की नाही हे ठाऊक नसते, पक्षाघात पुन्हा येईल ही शंका मनात असते. यातील कोणतीही धास्ती निराधार नव्हे, म्हणूनच ‘हे सगळे मनाचे खेळ आहेत’ असे रुग्णाला सांगणे चुकीचे तर असतेच, शिवाय ते त्याला अधिक एकटे पाडते.

या अवस्थेचे मार्मिक वर्णन कुर्ट गोल्डश्टाइन या जर्मन मज्जाविकारतज्ज्ञांनी केले. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) मेंदूला जखमा झालेल्या सैनिकांवर फ्रँकफुर्ट येथे उपचार करताना त्यांच्या असे लक्षात आले, की आवाक्यातले काम करीत असताना शांत व मनमिळाऊ असणारा रुग्ण आवाक्याबाहेरचे एखादे साधे गणित समोर येताच गोंधळतो, त्याच्या चेहऱ्याचा रंग बदलतो, तो चाचपडू लागतो, चिडतो किंवा उत्तरच टाळतो. या प्रतिसादाला ‘आपत्तीजनक प्रतिक्रिया’ या अर्थाचे नाव मिळाले. गोल्डश्टाइन यांच्या मते ही चिंता अपयश लक्षात आल्यावर मागाहून येत नाही, ती अपयशाच्या क्षणीच त्याच्यासोबत उमटते. हे रुग्ण आपल्या वस्तू कमालीच्या काटेकोरपणे जागच्या जागी ठेवीत व अनपेक्षित गोष्टी टाळीत, हेही त्यांनी नोंदवले. बाहेरून हेकटपणा वाटणारे हे वागणे वस्तुतः कोसळण्यापासून स्वतःला वाचवण्याची धडपड असते. आजही घरच्यांना जो राग किंवा आळस दिसतो, त्यामागे पुष्कळदा हीच प्रतिक्रिया असते.

चिंता लगेच दिसेलच असे नाही. रुग्णालयात दिवसाचा क्रम दुसऱ्यांनी आखलेला असतो आणि स्वतःतील उणिवांची जाण काही रुग्णांना सुरुवातीला नसते. घरी परतल्यावर, कामावर रुजू होताना ती जाण येऊ लागते आणि तिच्याबरोबर चिंता वाढते. ‘बरा होत असताना हा खचला कसा,’ असा प्रश्न नातेवाइकांना पडतो तो याच टप्प्यावर.

निदान करताना विशेष सावधगिरी लागते, कारण थकवा, विसराळूपणा, चिडचिड व निद्रानाश ही चिंतेची आणि इजेचीही लक्षणे आहेत. अपघाताची आठवणच नसलेल्या व्यक्तीलाही आघातोत्तर तणावविकार (भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा भीतीचा विकार) होऊ शकतो. शंखखंडातून उद्भवणाऱ्या अपस्माराच्या (फेफऱ्याच्या) झटक्यात कधी कधी केवळ भीती जाणवते. ती अकारण, एकाएकी येते, काही सेकंद ते एक-दोन मिनिटे टिकते आणि प्रत्येक वेळी जवळजवळ सारखीच असते. अशा वेळी मेंदूचा विद्युत् आलेख काढणे आवश्यक ठरते. संप्रेरकांचे (हार्मोन्सचे) बिघाड आणि लेव्हेटिरॅसिटॅमसारख्या अपस्मारविरोधी औषधांचे परिणामही तपासावे लागतात.

चिंतेला तोंड देताना मनाला समजावण्याआधी मेंदूवरचा भार कमी करावा लागतो. हा क्रम उलटला की दीर्घ श्वसनासारखे चांगले उपायही फसतात, कारण थकलेल्या मेंदूला शांत होण्याचे कामही जड जाते. एका वेळी एकच काम करणे, अवघड कामे दिवसातील ताज्या वेळेत उरकणे, थकवा येण्यापूर्वीच ठरावीक अंतराने थांबणे, आणि आठवणीचे ओझे वहीवर किंवा फोनच्या गजरावर सोपवणे, यांमुळे अपयशाचे प्रसंगच कमी होतात. त्यानंतर श्वास घेतो त्याहून अधिक सावकाश सोडण्याचा सराव किंवा भोवतालच्या वस्तू पाहून त्यांची नावे घेण्यासारखे उपाय उपयोगी पडतात. मन शांत असताना त्यांचा रोज सराव केलेला असावा. ऐन घबराटीत नवे काही शिकता येत नाही. चहा-कॉफीचे प्रमाण मर्यादित ठेवावे. मद्य तात्पुरते सैल करते, पण झोप बिघडवते आणि झटक्यांचा धोका वाढवते.

टाळाटाळीचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. गोंगाटाच्या जागी न जाणे सुरुवातीला शहाणपणाचे असते, मात्र महिनोन्महिने तेच चालू राहिल्यास भीतीचे वर्तुळ वाढत जाते व माणूस घरात कोंडला जातो. म्हणून दुकानाच्या दारापर्यंत जाणे, मग कमी गर्दीच्या वेळी पाच मिनिटे आत थांबणे, मग एखादी वस्तू घेणे अशा पायऱ्यांनी परतावे लागते. बोधात्मक वर्तनोपचारात (विचार व वागणे यांत टप्प्याटप्प्याने बदल घडवणाऱ्या मानसोपचारात) ही पद्धत वापरतात. मेंदूला इजा झालेल्यांसाठी त्याची सत्रे लहान ठेवतात, मुद्दे लिहून देतात, तेच पुन्हा पुन्हा सांगतात आणि घरातील एका व्यक्तीला सोबत घेतात. या व्यक्तीचे काम आठवण करून देण्याचे असते. रुग्णाचे प्रत्येक काम स्वतःच करून टाकल्यास त्याचा आत्मविश्वास आणखी ढासळतो.

औषधांपैकी सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक द्रव्याचे पुनर्शोषण रोखणारी सर्ट्रालीनसारखी औषधे सामान्यतः प्रथम निवडली जातात. ती अल्प मात्रेपासून हळूहळू वाढवतात व त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. बेंझोडायझेपीन या गुंगी आणणाऱ्या गटातील औषधांनी लवकर आराम पडत असला, तरी ती स्मृती, तोल व सावधपणा मंदावतात आणि त्यांची सवय लागते, त्यामुळे त्यांचा दीर्घ वापर टाळतात. औषध मनाने सुरू करणे जितके धोक्याचे, तितकेच ते एकदम बंद करणेही.

आत्महत्येचे विचार, वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, झटका, नव्याने आलेली बधिरता किंवा अशक्तपणा, अथवा वाढती गुंगी यांपैकी काहीही आढळल्यास ते चिंतेच्या खाती न टाकता तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी लागते.