झोपलेल्या माणसाची नाडी का धावते?

भूल चढली की रुग्ण हाकेला ओ देत नाही. मग भूलतज्ज्ञ त्याच्या तोंडात लॅरिंगोस्कोप हे घशात पाहायचं उपकरण घालतात, जीभ बाजूला सारतात आणि श्वासनलिकेत नळी सरकवतात. त्याच वेळी मॉनिटरची टिकटिक घाईवर येते, रक्तदाब चढतो. माणसाला काहीच कळत नाही, तर हृदयाला कोणी कळवलं?

दुखणं जाणवायला मेंदू जागा लागतो. पण इजेची वर्दी त्याच्यासाठी थांबत नाही. घशातून ती थेट मेंदूच्या देठात जाते, आणि रक्तदाब सांभाळणारी केंद्रं तिथेच असतात. त्यांच्या हुकमावर नॉरअॅड्रेनालिन हे रसायन सुटतं, रक्तवाहिन्या आवळतात. धडधाकट माणसात हे काही मिनिटांत ओसरतं. हृदयाच्या धमन्या अरुंद असलेल्याचं मात्र अवघड होतं. हृदयाच्या स्नायूला, विशेषतः डाव्या बाजूला, बहुतेक रक्त दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळतं. नाडी धावली की गरज वाढते आणि नेमका तो विसावाच आखडतो.

म्हणून नळी घालण्याआधी फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक देतात. बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांनी 1960 मध्ये बनवलेलं हे औषध मॉर्फिनच्या सुमारे शंभरपट तीव्र आहे. शिरेतून दिलं तरी पूर्ण जोर यायला 3 ते 5 मिनिटं लागतात, त्यामुळे घाईघाईत शेवटच्या क्षणी टोचण्यात अर्थ नाही.

गंमत म्हणजे हे रक्तदाबाचं औषध नव्हेच. मज्जारज्जूत आणि मेंदूच्या देठात ते वर्दीच दाबून टाकतं, शिवाय हृदयाला आवर घालणाऱ्या व्हेगस चेतेला बळ देतं. नुसत्या झोपेच्या औषधाला हे नीट साधत नाही. मॉर्फिनही वर्दी दाबतं, पण ते शरीराला हिस्टामिन नावाचं रसायन सोडायला लावतं, त्यानं रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब घसरू शकतो. फेंटानिलमध्ये ही कटकट नाही.

मात्रेचा हिशेब मात्र क्षणाक्षणाला बदलतो. नळी बसली, की पहिला छेद घेईपर्यंत घशातून किंवा कातडीतून फारशी वर्दीच येत नाही. मघाशी नेमकी वाटलेली मात्रा आता जड होते, आणि नाडी व रक्तदाब खाली येतात.

उलटा प्रकार नॅलोक्सोनचा. फेंटानिल-मॉर्फिनसारख्या औषधांचा असर उतरवण्यासाठी ते एकदम भरपूर टोचलं, तर दाबून ठेवलेली सगळी वर्दी एकाच वेळी उसळते आणि रक्तदाब झपाट्यानं चढतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर द्यावं लागलंच, तर भूलतज्ज्ञ ते थोडं थोडं, मॉनिटरवर नजर ठेवून देतात.