रुग्णसाहाय्यक व्हायचे आहे? प्रवेश घेण्याआधी हे वाचा

आरोग्यक्षेत्रात काम करायची इच्छा आहे, पण डॉक्टरकीचे किंवा नर्सिंगचे लांबलचक शिक्षण सध्या जमण्यासारखे नाही, असे सांगत अनेक जण आमच्याकडे चौकशीला येतात. त्यांच्यासाठी साधारण तीन वाटा असतात: रुग्णालयातला रुग्णसाहाय्यक, रक्ताचे नमुने घेणारा सहायक आणि घरी जाऊन आजाऱ्यांची किंवा वृद्धांची काळजी घेणारा सेवक. तिन्ही कामांचा पाया एकच आहे. हात स्वच्छ ठेवणे, मोजमापे अचूक घेणे, माणसाला न दुखावता हलवणे आणि पाहिलेले वेळेवर सांगणे. या पत्रकात मुख्यतः रुग्णसाहाय्यकाच्या प्रशिक्षणाबद्दल लिहिले आहे.

चौकशी करताना काय विचाराल?

कोणत्याही संस्थेत गेलात, आमच्याकडे आलात तरी, अभ्यासक्रम किती महिन्यांचा हा पहिला प्रश्न नको. वर्गात किती तास, पुतळ्यावर सराव किती तास आणि खऱ्या रुग्णाजवळ, कुणाच्या देखरेखीखाली किती तास, हे वेगवेगळे विचारा. अमेरिकेत नर्सिंग होममधल्या साहाय्यकासाठी केंद्रीय नियमाने किमान ७५ तासांचे प्रशिक्षण लागते आणि त्यातले किमान १६ तास देखरेखीखालच्या प्रात्यक्षिकाचे असतात. ही कमीत कमी मर्यादा आहे. आमच्या मते १६ तासांत हात बसत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आंघोळ घालणे एकदा पाहिले, एकदा केले की आले, असे होत नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कुठे लक्ष आपल्या हातांवरून रुग्णाच्या चेहऱ्यावर जाते, आणि शिकणे खरे तिथून सुरू होते.

परीक्षा कशी असते तेही विचारा. नुसती लेखी असेल तर सावध व्हा. परीक्षकासमोर कौशल्य करून दाखवावे लागत असेल आणि चुकलेला टप्पा पुन्हा शिकवून पुन्हा तपासला जात असेल, तर ते प्रशिक्षण खरे. प्रात्यक्षिकासाठी रुग्णालयाशी लेखी करार आहे का, आणि तुम्हाला जिथे काम करायचे आहे तिथली नोंदणी यंत्रणा हे प्रमाणपत्र मानते का, याचे उत्तर कागदावर मागा. नोकरीची शंभर टक्के हमी कुणी देत असेल तर ती कशाच्या आधारावर, हे विचारायला संकोचू नका. नोकरी रुग्णालय देते, प्रशिक्षण देणारी संस्था नाही.

लस आधी, प्रवेश नंतर

या बाबतीत सर्वांत जास्त वेळ वाया जातो. रक्ताशी आणि शरीरातल्या द्रवांशी संबंध येणाऱ्याने हिपॅटायटिस बीची लस घेतलेली असावी. नेहमीच्या वेळापत्रकात तिच्या तीन मात्रा असतात: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. तिसऱ्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिपिंडे तयार झाली का ते पाहतात. अहवालातला आकडा १० किंवा त्याहून जास्त हवा. म्हणजे सगळे मिळून सात-आठ महिने. ठरवले त्या आठवड्यात पहिली मात्रा घेतली, तर प्रात्यक्षिकाची वेळ येईपर्यंत बरेच संरक्षण मिळालेले असते. गोवर, रुबेला आणि कांजिण्यांविषयी तुमची प्रतिकारशक्ती आहे का, क्षयाची तपासणी झाली आहे का, हेही बहुतेक रुग्णालये विचारतात. जुन्या लसीकरणाचे कागद आताच शोधून ठेवा.

बूट पुढून बंद, न घसरणारे आणि धुता येणारे घ्या. नखे बोटाच्या टोकाबाहेर वाढलेली नकोत, कृत्रिम नखे तर मुळीच नकोत, कारण जंतूंचा सर्वांत दाट साठा नखांखाली असतो. कोपराखाली घड्याळ, अंगठी, बांगडी काही नको. पाठीचे किंवा मणक्याचे जुने दुखणे असेल तर प्रवेशाच्या वेळीच सांगा. दुखणे लपवून वॉर्डात गेलेल्याची पाठ पहिल्या महिन्यातच जाते.

हात

१८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तेव्हापासून आजवर या कामातला पहिला धडा हाच आहे, आणि सर्वांत जास्त चुकतोही हाच.

अल्कोहोलयुक्त द्रव तळहात भरून घ्यायचा आणि २० ते ३० सेकंद, तो आपोआप सुकेपर्यंत चोळायचा. साबण-पाण्याला सगळे मिळून ४० ते ६० सेकंद. अंगठे, बोटांची टोके आणि बोटांमधल्या बेचक्या या जागा राहून जातात. रुग्णाला जुलाब होत असतील तर साबण-पाणीच वापरा. जुलाबाच्या काही जंतूंचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, ते पाण्याने वाहून जावे लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळा सांगितल्या आहेत: रुग्णाला स्पर्श करण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, शरीरातल्या द्रवाशी संबंध आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. शिकाऊ माणूस पाचवी वेळ विसरतो. रुग्णाला हात लावलेला नसतो, नुसता पलंगाचा कठडा वर केलेला असतो, म्हणून हात स्वच्छच आहेत असे वाटते. कठड्यावर रुग्णाच्याच हाताचे जंतू असतात. ग्लोव्हज घातल्याने यातली एकही वेळ टळत नाही. ग्लोव्हजना बारीक छिद्रे असू शकतात आणि काढताना त्यांच्या बाहेरच्या बाजूचा स्पर्श हाताला होतो.

मोजमापे

रक्तदाब घेणे सोपे वाटते. यंत्र आकडा दाखवतेच. तो खरा आहे का, हे मात्र घेणाऱ्याच्या हातात असते.

रुग्णाला पाच मिनिटे शांत बसू द्या. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, पायावर पाय नाही. दंड उघडा, हाताला आधार, आणि पट्टा हृदयाच्या पातळीवर. हात खाली लोंबत असेल तर हृदयापासून दर १० सेंटिमीटरला आकडा ७ ते ८ने वाढतो. लघवी दाबून बसलेला माणूस, बोलत असलेला माणूस, नुकताच चहा-कॉफी किंवा सिगारेट घेतलेला माणूस, या सगळ्यांचा रक्तदाब खरा असतो त्याहून जास्त येतो. पट्ट्यातल्या हवेच्या पिशवीने दंडाचा सुमारे ८० टक्के घेर व्यापला पाहिजे. लठ्ठ दंडावर लहान पट्टा बांधला की आकडा फुगतो आणि माणसाला नसलेल्या आजाराच्या गोळ्या सुरू होऊ शकतात. गरजेपेक्षा मोठा पट्टा उलटी चूक करतो.

स्टेथोस्कोपने घेताना हवा सेकंदाला पाऱ्याच्या २ मिलिमीटर या गतीने सोडायची. घाईने सोडली तर पहिला आवाज उशिरा पकडला जातो आणि वरचा आकडा कमी नोंदला जातो. यंत्रावरच्या खुणा दोन-दोनच्या असतात, त्यामुळे १२४, १३८, ११६ असे आकडे यायला हवेत. एखाद्या तक्त्यावर १२०, १३०, १४० असेच सगळे दिसले, तर कुणीतरी अंदाजाने लिहिले आहे हे अनुभवी नर्सला तिथेच कळते. ज्या हातात डायलिसिसची फिस्टुला (शस्त्रक्रियेने केलेला धमनी आणि शिरेचा जोड) आहे, सलाईन चालू आहे किंवा ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी शस्त्रक्रियेत काढल्या आहेत, त्या हातावर पट्टा बांधायचा नाही.

नाडी तर्जनी आणि मधल्या बोटाने पाहायची. अंगठ्याला स्वतःचीच नाडी लागते. ठोके अनियमित वाटले तर पूर्ण ६० सेकंद मोजा. प्रौढ माणसात विश्रांतीच्या वेळी ६० ते १०० ठोके नेहमीचे.

श्वास मोजणे हे सर्वांत दुर्लक्षित काम आहे, आणि याविषयी आम्ही कडक आहोत. प्रौढाचे श्वास मिनिटाला १२ ते २० असतात. तब्येत बिघडू लागली की रक्तदाब ढासळण्याच्या कितीतरी आधी श्वासांचा वेग वाढलेला असतो. तरी तक्त्यांवर सर्रास '१८' लिहिलेले आढळते, कारण मोजायला पूर्ण मिनिट द्यावे लागते. आपण श्वास मोजतो आहोत हे रुग्णाला कळू देऊ नका. कळले की तो नकळत श्वास बदलतो. नाडी पाहून झाल्यावर मनगट तसेच धरून ठेवा आणि छातीची हालचाल मोजा.

ऑक्सिमीटरचा आकडा बोट गार असेल, नेलपॉलिश असेल किंवा हात थरथरत असेल तर चुकतो. सावळ्या-काळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी प्रत्यक्षापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवते. आकडा चांगला आणि माणूस धापा टाकतोय, असे असेल तर माणसावर विश्वास ठेवा आणि नर्सला बोलवा.

कूस बदलणे आणि उचलणे

स्वतःहून हलू न शकणाऱ्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलतात. पूर्ण कुशीवर ९० अंशांत झोपवले की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. म्हणून पाठीला उशी देऊन ३० अंश कलते ठेवायचे. पोटरीखाली उशी देऊन टाचा गादीपासून अधांतरी ठेवा. रुग्णाला वर सरकवताना ओढू नका: कातडी चादरीला चिकटून राहते, आतली हाडे पुढे जातात आणि मधल्या पेशी फाटतात. खाली अंथरलेल्या चादरीच्या कडा दोघांनी धरून उचला. माकडहाडावर लाली दिसली तर बोटाने दाबून पाहा. दाबल्यावर लाली जात नसेल तर ती बेडसोरची (सततच्या दाबाने होणाऱ्या जखमेची) सुरुवात आहे. गडद कातडीवर लाली दिसत नाही, तिथे आसपासपेक्षा गरम किंवा कडक लागते का ते पाहा. त्या जागी चोळायचे मात्र नाही, लगेच कळवायचे.

पलंगावरून चाकाच्या खुर्चीत नेताना आधी दोन्हींचे ब्रेक लावा आणि पायपट्ट्या वर करा. पक्षाघात झालेल्याच्या ताकदीच्या बाजूला खुर्ची ठेवा. उठवण्याआधी पाय खाली सोडून एक-दोन मिनिटे बसवा, नाहीतर उभे करताच चक्कर येते. रुग्णाला तुमच्या गळ्यात हात घालू देऊ नका. तो कोसळायलाच लागला तर पेलून धरायचा प्रयत्न करू नका. आपल्या पायाचा आधार देत हळूहळू जमिनीवर बसवा, डोके सांभाळा आणि मदतीसाठी हाक मारा. पेलू पाहणारा स्वतःही पडतो.

रक्ताचे नमुने शिकायचे असतील तर

सुई टोचण्यापेक्षा जास्त चुका नावात होतात. रुग्णाला स्वतःचे पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगायला लावा. 'तुम्ही अमुकच ना?' असे विचारले तर गुंगीतला माणूस हो म्हणतो. लेबल रुग्णाशेजारीच लावा. दंडाचा पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त आवळलेला नको. टोपणाच्या रंगानुसार नळ्यांचा क्रम पाठ हवा: कल्चरच्या (रक्तात जंतू आहेत का ते पाहण्याच्या) बाटल्या, निळी, लाल, हिरवी, जांभळी, करडी. क्रम चुकून जांभळ्या नळीतले रसायन पुढच्या नमुन्यात गेले तर पोटॅशियम खोटे वाढते आणि कॅल्शियम खोटे घटते. निळी नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, कारण तिच्यात नऊ भाग रक्ताला एक भाग द्रव असे प्रमाण असते. वापरलेल्या सुईला टोपण पुन्हा लावू नका. सुयांचा डबा तीन चतुर्थांश भरला की बदला. सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि त्याच पाळीत कळवा. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे लागली तर ती जितकी लवकर तितकी चांगली, आणि ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात.

जे तुमचे काम नाही

औषध देणे, सलाईनचा वेग बदलणे, कॅथेटर (लघवीची नळी) काढणे, अहवालाचा अर्थ नातेवाइकांना सांगणे. कुणी घाईत सांगितले तरी 'मला याची परवानगी नाही, मी सिस्टरना बोलावतो' हे वाक्य तोंडी बसवा. वर्गात आम्ही ते मोठ्याने म्हणायला लावतो.

तुमचे काम आहे ते कळवणे. 'बाबा बरे वाटत नाहीत' याने काही होत नाही. चार गोष्टी क्रमाने सांगा: आता काय दिसते, आधी काय होते, तुम्हाला काय वाटते, काय हवे. 'खाट सहावरच्या आजोबांचे श्वास २८ आहेत. सकाळी १६ होते, काल शस्त्रक्रिया झाली आहे. मला त्रास वाढतोय असे वाटते. तुम्ही आत्ता येऊन पाहाल का?' एवढे बोलायला पंधरा सेकंद पुरतात.

पहिले दोन आठवडे

शिक्षण सोडणारे बहुतेक जण वर्गात सोडत नाहीत, वॉर्डात गेल्यावर सोडतात. बेडपॅनचा वास, रात्रपाळी, सलग उभे राहणे, आणि कधीतरी डोळ्यांसमोर झालेला मृत्यू. हे आधी कुणी सांगितलेले नसते. किळस येणे म्हणजे नालायकी नव्हे. ती बहुतेकांना येते आणि बहुतेकांची कमी होते. पहिल्या मृत्यूनंतर त्याच दिवशी प्रशिक्षकाशी बोला. रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसा खोली अंधारी करून सलग झोपा, आणि पाळी संपल्यावर थकव्यात दुचाकी चालवू नका.

एक वही ठेवा. कौशल्य, तारीख, कितव्यांदा केले, देखरेख करणाऱ्याची सही. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत ही वही प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलते. पुढे डायलिसिस, शस्त्रक्रियागृह किंवा पूर्ण नर्सिंगकडे वळायचे असेल तेव्हाही ती उपयोगी पडते. मुलाखतीत तुम्हीही विचारा: एका पाळीत एका साहाय्यकाकडे किती रुग्ण असतात, आणि सुरुवातीचे किती दिवस जुन्या माणसाबरोबर काम देतात. दुसऱ्या प्रश्नाला 'एकही नाही' असे उत्तर आले तर ती नोकरी पहिली नोकरी म्हणून घेऊ नका.

आमच्याकडे चौकशीला येताना शिक्षणाचा दाखला, ओळखपत्र आणि लसीकरणाचे जे कागद सापडतील ते आणा. प्रात्यक्षिकाचा एक वर्ग मागे बसून पाहता येतो. तो पाहिल्याशिवाय आम्ही प्रवेश अर्ज देत नाही.