४६ अंशांत फ्लॅगशिप फोन

"मामा, याले काय झालं पाय बरं!" मागच्या मे महिन्यात वरुडकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत भाच्यानं नवाकोरा फोन माझ्या हातात दिला. एका झाडाला डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, लागलेला दिसत होता, त्याचा फोटो कृषी सहायकाला पाठवायचा होता. पण स्क्रीन काळवंडलेली आणि त्यावर एकच सूचना, फोन थंड होऊ द्या. बैलजोडीच्या किमतीचा फ्लॅगशिप, म्हणजे कंपनीचा सगळ्यात भारी फोन, राजेहो! दुपारचा दीड, पारा ४६ वर. माझा जुना साधा फोन मात्र खिशात मुकाट चालू होता. त्याला काम तरी काय होतं म्हणा.

अशा फोनच्या जाहिरातीत चिप '३ नॅनोमीटर'ची असते. चिपमधल्या कुठल्याही भागाच्या मापाशी आता या आकड्याचा संबंध उरलेला नाही. कपाशीच्या वाणाला आकडा असतो, तसं ते पिढीचं नाव. २०२३ च्या आयफोन १५ प्रोमधल्या चिपवर १,९०० कोटी ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेची बारीक बटणं, आहेत, तेही नखाएवढ्या जागेत. त्यांची उघडझाप झाली की उष्णता होणारच. फोनला पंखा नाही. ही उष्णता बाहेर पडते ती फक्त अंगातून, आणि तीही सावकाश, फार तर चार-पाच वॅट.

आता ऊन मोजा. भर दुपारी चौरस मीटरला जवळपास १,००० वॅट. फोनची काच साधारण १६ बाय साडेसात सेंटीमीटर, म्हणजे तिच्यावर बारा वॅट पडतात, आणि काळी काच त्यातले बरेचसे पिऊन टाकते. चिपनं काही करायच्या आधीच हिशेब तोट्यात. गॅलेक्सी एस२४ अल्ट्राचा स्क्रीन २,६०० निट्सपर्यंत (निट हे उजेडाचं माप) उजळतो, म्हणजे उन्हातही दिसावा म्हणून. पण उजेड वाढला की उष्णता वाढते, म्हणून फोन तापला की तो आधी स्क्रीनच मंद करतो.

यावर कंपन्यांचा उपाय म्हणजे व्हेपर चेंबर. २०२५ च्या आयफोन १७ प्रोमध्येही तो आला. पातळ, सीलबंद धातूची डबी, आत थोडंसं पाणी. चिपजवळ पाण्याची वाफ होते, थंड बाजूला जाऊन तिचं पुन्हा पाणी होतं. वरणाच्या गंजावर झाकण ठेवलं की आतून थेंब जमतात ना, तसंच. शिवाय त्या फोनचं अंग टायटॅनियमऐवजी ॲल्युमिनियमचं केलंय, कारण ॲल्युमिनियममधून उष्णता कितीतरी पटीनं सहज वाहते.

पण डबी उष्णता फक्त पसरवते. बाहेर टाकायची तर बाहेरची हवा फोनपेक्षा थंड हवी. एसीच्या खोलीत ती २५ अंश असते. आमच्या बागेत ती ४६, आणि हातात धरवेल म्हणून फोन स्वतःला ४३-४५ च्या वर सहसा जाऊ देत नाही. मग उष्णता उलटी वाहते, हवेतून फोनकडे. माठातलं पाणी त्याच हवेत गार राहतं, कारण पाझरलेलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. फोनच्या डबीतली वाफ कुठं जाणार? ॲपल स्वतःच आयफोन ० ते ३५ अंशांत वापरा असं सांगते. आपल्याकडे मे महिन्यात सकाळी नऊ-दहालाच ३५ होतात.

बॅटरीचं दुखणं वेगळं. तिच्यातल्या नको त्या रासायनिक क्रिया दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट वेगानं होतात, आणि तशी गेलेली क्षमता परत येत नाही. जलद चार्जिंगनं त्यात भर पडते. तारेतून दुप्पट करंट गेला की उष्णता चौपट. लाइन असेल तर पहाटेच चार्ज करावा. कॅमेऱ्याच्या २०० मेगापिक्सेलचं कौतुक मला फारसं नाही, डिंक्या बारा मेगापिक्सेलच्या फोटोतही दिसतो.

भाचा म्हणाला, "फ्रीजमधी ठेवू का?" नको म्हटलं. बाहेर काढल्यावर दमट हवा लागली तर गार फोनवर पाणी धरतं. कव्हर काढलं, फोन घरात कूलरच्या झोतापुढं खाटेवर उपडा ठेवला. चहा होईतो सूचना गेली. मग ऊन कललं तेव्हा आम्ही पुन्हा बागेत गेलो, आणि त्यानं झाडाच्या सावलीत उकिडवं बसून खोडावरच्या डिंकाचा फोटो काढला.