शुक्र 'इन्फिरियर' कसा?

ईसीजीच्या रिपोर्टवर 'इन्फिरियर वॉल' असं दिसलं की घरचे लोक हमखास दोनपैकी एक अर्थ काढतात. एक तर हृदयाची भिंत निकृष्ट झाली आहे, नाहीतर झटका अगदीच किरकोळ होता. दोन्ही चूक. हृदयाची जी बाजू खाली श्वासपटलावर टेकलेली असते ती इन्फिरियर, इतकंच. तिथला झटका किरकोळ समजून घरी पडून राहणं जिवावर बेतू शकतं.

लॅटिनमध्ये सुपिरियर म्हणजे अधिक वरचा आणि इन्फिरियर म्हणजे अधिक खालचा. मानपानाची उतरंड त्याला पुढे चिकटली. (आपल्याकडेही 'वरचा साहेब' वरच्या मजल्यावरच बसतो असं नाही.) विज्ञानाने मात्र जागा सांगणारा जुना अर्थ सोडला नाही. पोट आणि पायांकडचं रक्त हृदयात आणणारी इन्फिरियर व्हेना कॅव्हा ही शरीरातली सगळ्यात मोठी शीर आहे; सुपिरियर तिच्यापेक्षा लहान. पेरू हातात घेऊन बघा. देठाच्या विरुद्ध टोकाला जो वाळका मुकुट असतो, तो फुलातल्या हिरव्या निदलांचा उरलेला भाग. म्हणजे फुलात अंडाशय (ज्याचं पुढे फळ होतं तो भाग) खाली होता आणि बाकीचा पसारा त्याच्या डोक्यावर. वांग्याचं टोपडं देठाशी असतं, कारण तिथे अंडाशय वर. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने वांगं सुपिरियर आणि पेरू इन्फिरियर. चवीचा निकाल ज्याने त्याने लावावा.

पण या शब्दांची खरी गंमत आकाशात आहे. प्राचीन ग्रीक खगोलज्ञ टॉलेमीच्या विश्वात मध्यभागी पृथ्वी होती. तिच्यावर चढत्या क्रमाने चंद्र, बुध, शुक्र, सूर्य, मंगळ, गुरू, शनी. सूर्याच्या वरचे ते सुपिरियर, खालचे बुध-शुक्र इन्फिरियर. कोपर्निकसने १५४३ मध्ये सूर्य मध्यभागी आणला आणि या वर-खालीला अर्थच उरला नाही, तरी नावं राहिली. मराठीत आपण अंतर्ग्रह आणि बहिर्ग्रह म्हणतो, ते जास्त स्वच्छ आहे.

शुक्र सूर्याच्या रेषेत दोन प्रकारे येतो. पृथ्वी आणि सूर्याच्या मधे आला तर अंतर्युती, म्हणजे इंग्रजीतली इन्फिरियर. सूर्याच्या पलीकडे गेला तर बहिर्युती, म्हणजे सुपिरियर. अंतर्युतीला तो आपल्यापासून साधारण ४ कोटी किलोमीटरवर असतो, बहिर्युतीला जवळपास २६ कोटी. म्हणून इन्फिरियर बाजूचं त्याचं बिंब सुपिरियर बाजूच्या सहापट मोठं दिसतं.

दोन्ही वेळा तो सूर्याच्या तेजात बुडतो. हाच शुक्राचा अस्त. पण एक अस्त साधारण आठ-दहा दिवसांत उरकतो आणि दुसरा दीड-दोन महिने रेंगाळतो. असं का?

पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळे सूर्य ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर रोज सुमारे १ अंश पूर्वेला सरकतो. बहिर्युतीच्या सुमारास शुक्रही पूर्वेलाच, रोज सव्वा अंश सरकतो. दोघांत रोज फरक पडतो जेमतेम पाव अंशाचा. शुक्र दिसायला सूर्यापासून ८ अंश दूर हवा असं सोयीसाठी धरलं, तर एकेका बाजूला महिना जातो. अंतर्युतीला मात्र पृथ्वीला आतल्या कक्षेतून मागे टाकणारा शुक्र आपल्याला उलटा, पश्चिमेला जाताना दिसतो, रोज सुमारे ०.६ अंश. म्हणजे वक्री. सूर्य पूर्वेला, शुक्र पश्चिमेला; फरक रोज १.६ अंशांचा. ८ अंशांना पाच दिवस पुरतात. शुक्राच्या कक्षेचा तिरकेपणा यात धरलेला नाही, त्यामुळे प्रत्यक्षात दिवस कमी-जास्त होतात.

सूर्यसिद्धांत या जुन्या खगोलग्रंथात तर दोन अस्तांसाठी वेगळे काळांश (ग्रह दिसायला सूर्यापासून हवं असलेलं, वेळेवरून मोजलेलं अंतर) दिले आहेत, ८ आणि १०. बिंब मोठं असताना शुक्र सूर्याच्या जास्त जवळही दिसू शकतो, म्हणून ८. लहान असताना १०. दुर्बिणीशिवाय इतकं बारीक पाहणाऱ्यांपुढे हात जोडावेत.

आणि त्याच गणितावर आपण काय उभारलं? शुक्र अस्तंगत, म्हणून लग्न-मुंजीला मुहूर्त नाही! ४ जून २०२४ ला बहिर्युती होती. तिच्या आगेमागे शुक्र सूर्याच्या पलीकडून मुकाट जात होता, आणि इकडे ऐन लग्नसराईत मुहूर्तांची चणचण. सूर्याच्या झगमगाटात आपले डोळे दिपतात, याला ग्रह दुर्बळ झाला म्हणणं म्हणजे ट्यूबलाइट लावल्यावर काजवा मेला म्हणण्यासारखं.

पुढची अंतर्युती २४ ऑक्टोबर २०२६ ला आहे. त्याआधी सप्टेंबरमध्ये सूर्य पूर्ण मावळल्यावर पश्चिमेला नैर्ऋत्येच्या अंगाने शुक्र शोधा. आकाशात तेव्हा चंद्र सोडला तर त्याच्याइतकं ठळक काही नसेल. लहान दुर्बीण असेल तर त्याची कोर दिसेल, आणि आठवड्यागणिक ती बारीक, पण लांबीला मोठी होत गेलेली कळेल. क्षितिजावर सूर्याची कडाही उरली असेल तर दुर्बिणीला डोळा लावू नका.